नॅशव्हिलमधला अर्धा तास

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना इंजेक्शनचा पाठ घेते, तेव्हा मी एक व्हायल सोबत नेते. मुदत संपलेली, पण सील न तोडलेली. तळाशी पांढरी भुकटी, वर रंगीत टोपण. एकीच्या हातात देते आणि म्हणते, “मिडॅझोलाम आहे. स्कॅनला जायच्या आधी पेशंटला द्यायचंय. कर तयार.” मुलगी व्हायल आडवी धरते, उजेडाकडे फिरवते आणि बाजूची बारीक अक्षरं शोधते. किती मिलि पाण्यात विरघळवायचं? ते सापडलं की तिचा जीव भांड्यात पडतो. सिरिंज भरायला घेते. नाव तिने वाचलेलंच नसतं. नाव मी सांगितलेलं असतं ना!

व्हायलवर लिहिलेलं असतं वेक्युरोनियम. मिडॅझोलाम भुकटीत येतच नाही, ते तयार द्रव असतं, हे त्या मुलीला ठाऊक असतं. दहा मिनिटांपूर्वी तिनेच मला ते सांगितलेलं असतं.

त्यानंतर मी एका नर्सने चुकीचं इंजेक्शन दिल्याचं प्रकरण सांगायला घेते. ते अमेरिकेतलं आहे. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात, २६ डिसेंबर २०१७ रोजी घडलेलं. २०२२ साली खटला उभा राहिला तेव्हा जगभरच्या नर्सेसनी ते वाचलं, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही चार दिवस तोच विषय होता. अर्ध्या जणी म्हणाल्या, तिला तुरुंगात टाकायला हवं होतं. अर्ध्या म्हणाल्या, तिच्या जागी कोणीही असतं. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटली, अजूनही वाटतात.

७५ वर्षांच्या एक बाई नाताळच्या आदल्या दिवशी दाखल झाल्या होत्या. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांत त्यांच्यात चांगली सुधारणा झाली, घरी जायची चिन्हं दिसू लागली. एक पेट-स्कॅन तेवढा राहिला होता. बंद यंत्रात जायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरांनी व्हर्सेड लिहून दिलं. व्हर्सेड हे मिडॅझोलामचं ब्रँडचं नाव. घबराट कमी होते, गुंगी येते. ऑर्डर संगणकात पडली, फार्मासिस्टने ती तपासून मंजूरही केली. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं.

राडोंडा वॉट ही न्यूरो आयसीयूची नर्स त्या दिवशी सगळ्यांच्या मदतीला अशा नेमणुकीवर होती. स्वतःचा ठरलेला पेशंट नाही, जिथे हात कमी पडेल तिथे धावायचं. सोबत एक नवीन नर्स शिकायला दिलेली. पेट-स्कॅन विभागाने नर्स पाठवा असं कळवलं, त्या बाईंची नर्स दुसरीकडे अडकली होती, म्हणून काम वॉटकडे आलं. ते उरकून दोघींना तातडीच्या विभागात एका पेशंटची गिळण्याची तपासणी करायला जायचं होतं. औषध काढताना ती त्या नवीन नर्सला त्या तपासणीबद्दलच सांगत होती.

तिकडे औषधं संगणकावर चालणाऱ्या कपाटात असतात. पेशंटचं नाव निवडलं की त्याची मंजूर औषधं पडद्यावर दिसतात, औषध निवडलं की त्याचा खण उघडतो. वॉटला यादीत व्हर्सेड सापडेना, कारण कपाट औषधांना मूळ नावाने ओळखत होतं, ब्रँडच्या नव्हे. तिने ओव्हरराइड केलं. म्हणजे यादी बाजूला ठेवून कपाटातलं कोणतंही औषध काढायची जी तातडीची सोय असते ती वापरली. इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘ई’ एवढी दोनच अक्षरं टाकली आणि पहिलं आलेलं नाव निवडलं. तेव्हा २ वाजून ५९ मिनिटं झाली होती.

आलेलं नाव वेक्युरोनियमचं होतं. हे औषध भुलीच्या डॉक्टरांचं. नळी घालायच्या वेळी स्नायू ढिले पडावेत म्हणून देतात. नसांकडून स्नायूंना येणारा निरोप ते अडवतं, त्यामुळे दोनतीन मिनिटांत शरीरातला एकेक स्नायू थांबतो, छातीचा पडदासुद्धा. शुद्ध मात्र हरपत नाही. माणूस जागा असतो, ऐकत असतो, त्याला गुदमरल्याचं कळत असतं आणि त्याला पापणीही हलवता येत नाही. म्हणून हे औषध व्हेंटिलेटर किंवा अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी असल्याशिवाय कधीच देत नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या टोपणावर इंग्रजीत धोक्याची सूचना छापलेली असते की हे औषध स्नायू लुळे पाडतं.

वॉटने भुकटी विरघळवली. किती पाणी घालायचं हे तिने व्हायलच्या मागच्या बाजूला वाचलं, पुढच्या बाजूचं नाव वाचलं नाही. पेट-स्कॅनच्या आवारात बारकोड तपासायचं यंत्र नव्हतं. इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्या दोघी पुढच्या कामाला निघून गेल्या. बाई स्कॅनची वाट पाहत एका खोलीत पडून राहिल्या. तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून अधूनमधून पाहत होते. डोळे मिटलेले दिसत होते, म्हणजे औषध लागू पडलं असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासाने न्यायला आलेल्या माणसाच्या लक्षात आलं की त्या श्वास घेत नाहीत. छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदू गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे कुटुंबाच्या संमतीने व्हेंटिलेटर काढला.

आपत्कालीन धावपळीत दुसऱ्या एका नर्सला पिशवीत उरलेली व्हायल दिसली. तिने वॉटला विचारलं, हेच दिलंस का? वॉटने तिथल्या तिथे कबूल केलं. डॉक्टरांना सांगितलं, वरिष्ठांना सांगितलं, लेखी दिलं. तिने काहीही लपवलं नाही, आणि हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगते.

आता यातलं नर्सचं किती आणि व्यवस्थेचं किती?

कपाटाचा भाग मी फार ताणत नाही. त्या रुग्णालयात नोव्हेंबरमध्येच नवी संगणकप्रणाली आली होती आणि औषधं वेळेवर दिसत नव्हती. ओव्हरराइड हा रोजचा भाग झाला होता, सलाईनची पिशवीसुद्धा त्याशिवाय निघत नव्हती, असं वॉटने नर्सिंग बोर्डापुढे सांगितलं. ते खरं असणार. दिवसाला वीस वेळा जे बटण दाबावं लागतं, ते एकविसाव्या वेळी धोक्याचं वाटत नाही. पडद्यावर पाच तरी इशारे येऊन गेले असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. ज्या पडद्यावर दिवसभर इशारेच येतात, तिथे बोट आपोआप ‘ठीक आहे’वर जातं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. पण वॉर्डात उभं राहून काम केलेल्या कोणालाही हे पटेल. आणि ही दुरुस्ती यंत्राची आहे. या प्रकरणानंतर औषध शोधायला निदान पाच अक्षरं टाकावी लागावीत अशी शिफारस अमेरिकेतल्या औषध-सुरक्षेच्या संस्थेने लावून धरली, आणि कपाटं बनवणाऱ्या कंपन्यांनी तशी सोय केली. दोन अक्षरांवर औषध बाहेर येणारच नाही, तर ती चूक घडणारच नाही.

लेबलचं मात्र तसं नाही. लेबल वाचायचं काम कुठलंही यंत्र आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही, बारकोड आला तरी. आम्हाला तीनदा वाचायला शिकवलेलं असतं. काढताना, भरताना, देण्याआधी. फाइव्ह राइट्स, म्हणजे औषध देताना बरोबर असायलाच हव्यात अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला पाठ असतात. त्यात दुसरा राइट म्हणजे बरोबर औषध. वॉटलाही ते पाठ होतं. मग वाचलं का नाही?

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, माझ्या एका रात्रपाळीत मिळालं. ते लिहिणं सोपं नाही, पण इतकी वर्षं दुसऱ्या देशातल्या एका बाईची चूक मुलींसमोर उलगडत बसायचं आणि स्वतःची झाकून ठेवायची, हे मला जमेनासं झालं आहे.

नोकरीची दुसरी-तिसरी वर्षं. मेडिसिनचा वॉर्ड, रुग्णालयाचं नाव इथे कामाचं नाही. पहाटे चारच्या सेफ्ट्रिअॅक्सोनच्या फेरीत मी ट्रे भरत होते. वॉर्डात चाळीसच्या वर पेशंट, आम्ही दोघी, आणि त्यातली एक लेबर रूममध्ये मदतीला ओढून नेलेली. अँटिबायोटिकची भुकटी विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरच्या दहा मिलिच्या अँप्यूल लागतात. त्या एका स्टीलच्या ट्रेमध्ये असायच्या. मी हात घातला, अँप्यूल काढली, मान मोडली, सुई आत घातली. तेवढ्यात कॉटशेजारी बसलेल्या पेशंटच्या बहिणीने विचारलं, “सिस्टर, हे कसलं इंजेक्शन?” तिला काही शंका नव्हती. रात्रभर जागी होती, बोलायला कोणीतरी हवं होतं एवढंच. मी तिला दाखवायला अँप्यूल वर धरली आणि वाचायला सुरुवात केली. त्यावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलं होतं.

दहा मिलि, तीच उंची, तीच पारदर्शक काच. एकदम शिरेत गेलं असतं तर हृदय थांबलं असतं.

माझे डोळे त्या अँप्यूलकडे होते. सुई आत जाताना मी तिच्याकडेच पाहत होते. पण मी पाणी पाहत होते, कारण माझ्या डोक्यात पाणी होतं. डोकं जे आहे असं धरून चालतं, तेच डोळ्यांना दिसतं. म्हणून मुलींना मी वाचा म्हणत नाही, मोठ्याने वाचा म्हणते. ओठ हलले की शब्द तोंडाने जुळवावा लागतो, आणि जुळवताना पोटॅशियमचं पाणी होत नाही. वॉर्डात एकटं मोठ्याने बोलायला मुली लाजतात. लाजू देत.

तर लेबल न वाचणं ही वॉटची चूक आहेच, गंभीर आहे, पण ती मला कळते. ती माझ्या हातून घडता घडता राहिली. या प्रकरणात मला जे कळत नाही, आणि जिच्यावर चर्चाच कमी झाली असं मला वाटतं, ती चूक पुढची आहे.

क्षणभर धरून चालू की तिने बरोबर औषध काढलं. व्हायलमध्ये मिडॅझोलामच होतं, मात्रा बरोबर होती. तरी पंचाहत्तर वर्षांच्या, डोक्यात दोन दिवसांपूर्वी रक्तस्राव झालेल्या पेशंटला शिरेतून मिडॅझोलाम देऊन निघून जाता येतं का? मिडॅझोलाम श्वास मंदावतं. वय जास्त असेल तर थोड्या मात्रेतही मंदावतं. शिरेतून दिल्यावर त्याचा जोर दोनतीन मिनिटांत कळू लागतो आणि नंतर काही मिनिटं वाढत राहतो. साठीच्या पुढच्या माणसाला ते हळूहळू द्यायचं, मध्ये थांबून परिणाम पाहायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, हे औषधासोबतच्या माहितीतच लिहिलेलं असतं. हे करायला डॉक्टरांची वेगळी ऑर्डर लागत नाही. ऑर्डर औषधाची असते. औषध दिल्यावर पेशंटचं काय होतंय ते पाहणं हे नर्सिंग आहे, ते आमचंच आहे.

ती दोन मिनिटं थांबली असती, तर? बाईंच्या खांद्यावर हात ठेवून, काय वाटतंय आता, एवढंच विचारलं असतं, तर? दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं नसतं. छाती हलत नाही हे दिसलं असतं. नर्स न्यूरो आयसीयूची होती. अंबू बॅग कशी धरायची हे तिला झोपेतही येत असणार. वेक्युरोनियमचा असर साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो, तेवढा वेळ श्वास देत राहिलं की माणूस वाचतो, उतारही देता येतो. चुकीची व्हायल निवडल्यानंतरसुद्धा त्या बाई वाचू शकत होत्या. पाठ फिरली आणि ती संधी गेली.

म्हणून मी हे प्रकरण चुकीच्या औषधाचं म्हणून शिकवत नाही. मी ते निघून जाण्याचं म्हणून शिकवते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बहुधा नोकरी करून पुढच्या शिक्षणाला आलेल्या मुलींकडून येतो, ज्यांनी वॉर्ड भोगलेला असतो. “मॅडम, एवढ्याशा डोसला कोण थांबतं? तिकडे दुसरा पेशंट वाट बघत होता.” आक्षेप खरा आहे. त्या रुग्णालयाच्या नियमांतही असं औषध दिल्यावर पेशंटवर कशी आणि किती वेळ नजर ठेवायची हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, हे नंतरच्या सरकारी तपासणीत निघालं. पण व्यावसायिक निर्णय म्हणतात तो नेमका इथेच लागतो, जिथे नियम गप्प आहे. नियमात लिहिलेलं पाळायला निर्णय लागत नाही.

आणि थांबणं शक्यच नसेल, तर एक वाट उरते. ओव्हर देऊन जायचं. या बाईंना आत्ता अमुक औषध दिलं आहे, पुढची पंधरा मिनिटं श्वासाकडे लक्ष ठेव, ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला तर हाक मार, असं नाव घेऊन एका माणसाला सांगायचं. पाहणारा माणूस नसेल तर औषध द्यायचंच नाही. स्कॅनवाल्यांना सांगायचं, अर्धा तास थांबा. तातडीच्या विभागाला फोन करायचा, मी उशिरा येते. नर्सने नाही म्हणणं हाही उपचाराचा भाग आहे. आमच्याकडे हे शिकवलं जात नाही. आमच्याकडे शिकवतात ते “हो सर”.

कॅमेऱ्याचा मुद्दा मी इथेच सांगते, कारण तो मला रात्री झोपू देत नाही. गुंगीत झोपलेला माणूस आणि स्नायू लुळे पडून गुदमरणारा माणूस कॅमेऱ्यात सारखेच दिसतात. दोघेही शांत. फरक फक्त हाताला कळतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, जरी तिथेच सगळ्यात जास्त शिकण्यासारखं असलं तरी.

रुग्णालयाने वॉटला जानेवारीच्या सुरुवातीला कामावरून काढलं. मृत्यूची खबर वैद्यकीय तपासनीसाला देताना वेक्युरोनियमचा उल्लेख झाला नाही, त्यामुळे मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदला गेला. कुटुंबाशी तडजोड झाली आणि तिच्यात बोलण्यावर बंधन होतं. ज्या सरकारी यंत्रणेला चूक कळवायला हवी होती तिला ती कळवली गेली नाही. इंजेक्शनची नोंद पेशंटच्या कागदपत्रांतही नव्हती. ती आपोआप होईल असं वरून सांगितलं गेलं, असं वॉटचं म्हणणं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोणीतरी निनावी कळवलं, तेव्हा सरकारी पथक आलं, आणि रुग्णालयाला सरकारकडून मिळणारे पैसे बंद करायचा इशारा दिल्यावर सुधारणांचा आराखडा निघाला.

राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ साली वॉटवर कारवाई करायची गरज नाही असं ठरवलं होतं. प्रकरण वर्तमानपत्रांत आल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत तिला अटक झाली, मग खात्याने आपला निर्णय फिरवला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिची नोंदणी रद्द झाली. तेच पुरावे, तीच चूक, दोन वेगळे निकाल. २५ मार्च २०२२ रोजी ज्युरीने तिला निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल आणि असहाय प्रौढ व्यक्तीकडे घोर दुर्लक्ष केल्याबद्दल दोषी ठरवलं. बेपर्वाईने जीव घेतल्याच्या मोठ्या आरोपातून मात्र सोडलं. सरकारी वकिलांनी तिची तुलना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याशी केली होती. १३ मे रोजी शिक्षा झाली ती तुरुंगाची नव्हती, तीन वर्षांच्या देखरेखीची होती. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही.

तिची नोंदणी गेली याचं मला वाईट वाटत नाही. ती जायलाच हवी होती असं मी म्हणते, निदान काही वर्षं तरी, आणि परत द्यायची तर नव्याने तयारी करून घेऊन. नोंदणी म्हणजे लोकांनी टाकलेला विश्वास, तो तुटला की त्याचा हिशेब नर्सिंग कौन्सिलने करायचा असतो. पण फौजदारी खटला मला पटत नाही. सगळं खरं सांगितलेल्या नर्सचे तेच शब्द तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले, आणि ज्यांनी मृत्यूचं खरं कारण कळवलं नाही त्यांना काही झालं नाही. हे पाहून त्या रात्री जगात किती नर्सेसनी मनात ठरवलं असेल, की आपल्या हातून काही झालं तर आधी गप्प बसायचं? ते मोजता येत नाही. पण माझ्या ग्रुपवर तसं लिहिणाऱ्या दोघी होत्या, आणि दोघी चांगल्या नर्सेस आहेत. केंटकी राज्याने २०२४ साली कायदा करून उपचारातल्या प्रामाणिक चुकांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलं, ते याच भीतीपोटी.

आपल्याकडे हे प्रकरण लांबचं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते.

एक, आपल्या बहुतेक वॉर्डांत तसलं कपाट नाही, पण ओव्हरराइड आहे. शेजारच्या वॉर्डातून उसनी आणलेली अँप्यूल, इंडेंट (औषधाची लेखी मागणी) नंतर करू म्हणून क्रॅश कार्टमधून, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीतून, काढलेली व्हायल, फोनवर घेतलेली ऑर्डर जिच्यावर सही सकाळी होणार असते. आणि नावांचा गोंधळ आपल्याकडे जास्त आहे. केसपेपरवर ब्रँड लिहायचा, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा द्यायचा, आणि दोन्ही एकच आहेत की नाहीत हे नर्सने रात्री दोन वाजता ठरवायचं. वेक्युरोनियम आपल्या आयसीयूतही असतं, बऱ्याच ठिकाणी एकाच खणात इतर व्हायलींसोबत. मी जिथे जाते तिथे ते वेगळ्या डब्यात ठेवायला लावते, डब्यावर लाल पट्टी आणि मराठीत “श्वास बंद होतो” असं लिहून. इंग्रजीतली सूचना सगळ्यांना वाचता येते, पण मराठीतली पोटात जाते.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुन्या दंडसंहितेच्या ३०४ अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, सगळ्यांना सारखी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली. उपचार करताना मृत्यू झाला तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मात्र दोन वर्षांपर्यंतच. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, हे तिथेच स्पष्ट केलं आहे. वैद्यकीय आयोगाच्या कायद्याप्रमाणे पात्रता असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. म्हणजे डॉक्टर. शब्दशः वाचलं तर नर्स त्यात बसत नाही. एकाच पेशंटच्या एकाच घटनेत ऑर्डर देणाऱ्याला दोन वर्षं आणि इंजेक्शन देणारीला पाच, असं होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांच्या अटकेला जी बंधनं घातली, त्यांचा आधार नर्सला किती मिळेल हाही प्रश्नच आहे. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण गेले, तेव्हा आधी अटक झालेल्यांत एक डॉक्टर होत्या आणि तीन नर्सेस. आग लागली ती यंत्रणेत, हात धरले गेले ते कामावर असलेल्यांचे. नर्सिंगच्या संघटना पगार, बदल्या, पदभरती यांवर मोर्चे काढतात, काढायलाच हव्यात. या कलमावर मी अजून एकही मोर्चा पाहिला नाही.

या सगळ्यात मुलींना मी काय करायला सांगते? गुंगीचं कुठलंही इंजेक्शन दिलं की घड्याळ बघून पाच मिनिटं कॉटशेजारी उभं राहायचं, एक हात पेशंटच्या छातीखाली, पोटाच्या वरच्या भागावर. डोळ्यांनी श्वास मोजायचे नाहीत, चादरीखाली ते फसवतात. हाताने मोजायचे. पेशंटशी बोलत राहायचं, गावाचं नाव विचारायचं, नातवंडं विचारायची. उत्तरं जड व्हायला लागली की किती जड हे लक्षात ठेवायचं. मग नोंद करायची, वेळेसह, आणि ओव्हर देऊन मगच हलायचं. इन्चार्ज सिस्टर ओरडल्या तर ओरडू द्यायचं. पहिल्या दिवशी मुलींना हे अवघडल्यासारखं होतं. आठवड्याने हात आपोआप जातो.

गेल्या वर्षी हा पाठ संपल्यावर एका मुलीने हात वर केला. मागच्या बाकावरची, फारशी न बोलणारी. म्हणाली, “मॅडम, वॉट सिस्टरांनी सगळं सांगितलं. तुमच्या त्या पोटॅशियमचं तुम्ही सकाळी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलंत का?”

मी सांगितलं नव्हतं. पेशंटला काही झालं नव्हतं, अँप्यूल मी कागदात गुंडाळून फेकून दिली होती, आणि नोकरी कायम व्हायची होती. तसंच मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला, “मग तो ट्रे?”

तो ट्रे तसाच राहिला. माझी बदली होईपर्यंत पुढची दीड वर्षं पाणी आणि पोटॅशियम त्यात शेजारीशेजारी होते, आणि माझ्या सुट्टीच्या रात्री त्यात दुसरी कोणीतरी हात घालत होती.